निळ्या फाटकासमोरची अम्मा

अन्याय झाला तो नरेशवर. नरेश म्हणजे माझा नवरा, धंद्याने ट्रक ड्रायव्हर, गाव पेणच्या खाडीकाठचं. कधी झाला तेही सांगते. दोन वर्षांपूर्वी, होळीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी. जागा म्हणजे विशाखापट्टणम शहराबाहेरच्या एका गोदामाचं निळं फाटक. कागदाचे मोठाले रोल भरून तो सकाळीच पोचला होता. आदल्या दिवसापासून पोट बिघडलेलं, अंगात ताप. त्याने फाटकावर विचारलं, जरा संडासला जाऊन येऊ का. पहारेकऱ्याने भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. ड्रायव्हर आणि क्लीनर यांना आत मनाई. माल आत जाणार, गाडी आत जाणार, गाडीतून उतरलेला माणूस तेवढा नको. नरेश रस्त्याच्या कडेला ट्रकच्या सावलीत बसला, आणि बसल्या जागी कोसळला.

डोळे उघडले तेव्हा तो एका बाईच्या घरात होता. फाटकासमोर, रस्त्यापलीकडे बदामाच्या झाडाखाली तिची जेवणाची हातगाडी होती आणि गाडीमागे पत्र्याचं घर. तिने त्याला स्वतःच्या घरातला संडास दाखवला, मीठ घातलेली पेज पाजली, दोन दिवस ठेवून घेतलं, निघताना हातावर केळं ठेवलं. तिला फक्त तेलुगू येत होतं आणि ह्याला तेलुगू सोडून सगळ्या भाषा मोडक्यातोडक्या येतात. तो तिला अम्मा म्हणत होता. नाव विचारायचं राहिलं. नीट आभार मानायचेही राहिले. पुढे मालकाने त्याला दुसऱ्या मार्गावर टाकलं ते टाकलंच.

हे सगळं आधीच लिहून टाकलं, कारण तुम्ही प्रवासवर्णन वाचायला बसला आहात आणि तुम्हाला समुद्र, डोंगर, देवळं हवी असतील. तीही आहेत. पण आम्ही गेलो ते त्या बाईसाठी, हे माहीत असू द्या.

रेवदंडा

आमच्या लग्नाला वर्ष झालं. वर्षभरात आम्ही दोघं मिळून कुठे गेलो होतो, तर मोर्चाला, सभेला आणि एकदा तहसील कचेरीत. मी किनाऱ्यावरच्या एका लहान गटात काम करते. बाजारात बसणाऱ्या बायकांसाठी संडास मागतो, पत्रकं काढतो, मिळेपर्यंत भांडतो. नरेश मला भेटला तोही पत्रकामुळेच. आगरदांड्याच्या जेट्टीवर गाड्यांच्या रांगेत पत्रकं वाटत होते, त्याच्या केबिनमध्ये एक टाकलं. त्याने ते दोन्ही बाजूंनी वाचलं आणि खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "सगळं बरोबर हाय, बाय. पण यात ड्रायव्हर कुठं हाय?"

पुढच्या पत्रकात ड्रायव्हर आला, आणि त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या घरात.

सासूबाईंसमोर मी त्याला अहो म्हणते, एरवी नरेश. तो मला मोर्चा म्हणतो. "ओ मोर्चा, चहा टाक." असं.

या हिवाळ्यात त्याला सलग सुट्टी मिळाली. मी म्हटलं, कुठेतरी फिरायला जाऊ, माणसं जातात तसे. महाबळेश्वर, गोवा. तो म्हणाला, "विशाखापट्टणम."

"तू तिथं दहा वेळा गेलायस."

"गेलोय. बघितलं न्हाय. समुद्र हाय म्हणतात तिथं. मला फक्त बंदराची भिंत म्हाईत हाय." मग म्हणाला, "आणि अम्मा सापडते का बघू."

तिला काय न्यायचं यावर माझ्या आईशी चर्चा झाली. आई रेवदंड्याला सुकी मासळी विकते. मी साडी म्हटलं, तर तिने मला वेड्यात काढलं. "साडी काय, कोन पन देल. ज्या बाईनं आपल्या मानसाला पेज पाजली, तिला आपल्या हातचं नेवाचं." आणि तिने बोंबील दिले. चांगल्या उन्हातले, खणखणीत वाळलेले, वर्तमानपत्रात, मग प्लास्टिकमध्ये, मग जुन्या साडीच्या फडक्यात बांधून. एक गाठोडंच झालं.

रेल्वेचा प्रवास वगळते. एवढंच सांगते की सोलापूर यायच्या आत आमच्या डब्यातल्या सगळ्यांना आम्ही कुठले ते कळलं होतं.

शहरात, लॉरीच्या वाटेने

विशाखापट्टणम म्हणजे डोंगर आणि समुद्र यांनी एकमेकांना जागा न देता वसवलेलं शहर. आपल्याकडे डोंगर मागे राहतो. पुढे वाडी, मग सुरूची झाडं, मग वाळू, असा रीतसर उतार असतो. इथे रस्ता चढतो, वळतो आणि वळणावर अचानक खाली निळं पाणी. घरंसुद्धा डोंगराच्या अंगावर एकावर एक ठेवल्यासारखी.

स्टेशनाजवळच्या लॉजवर खोली घेतली. मॅनेजर भला माणूस. त्याने आमच्या गाठोड्याकडे नाक वळवलं, मग आमच्याकडे बघून विचारलं, "फिश?"

"ड्राय फिश," मी म्हटलं. "गिफ्ट है."

"मॅडम, इधर समुंदर है. इधर फिश मिलता है." त्याला खरोखरच आमची दया आली होती. त्याने गाठोडं गच्चीवर ठेवायची परवानगी दिली आणि वर मांजर आहे हेही सांगितलं. मग नरेशने ते कपड्यांच्या दोरीवर उंच टांगलं, ट्रकवर ताडपत्री बांधतात तशा गाठी मारून. गाठोडं उतरेपर्यंत मांजर खाली बसून होती.

सकाळी पेसरट्टू खाल्लं. हिरव्या मुगाचा डोसा, आत उपमा भरलेला, सोबत आल्याची चटणी. डोशात उपमा म्हणजे आपल्याकडे भाकरीत भाकरी घालून देण्यासारखं वाटलं, पण पहिल्या घासाला तक्रार संपली. नरेशने दुसरं मागवलं. मी पाहिलं की त्याने भिंतीकडची खुर्ची सोडून दाराकडची घेतली होती आणि खाताना सारखा रस्त्याकडे बघत होता.

"काय बघतोस?"

"गाडी."

"गाडी पेणला आहे, नरेश."

"व्हय की," असं म्हणाला आणि पुन्हा बघितलं.

मग समुद्राला जायला ऑटो केली. मी ह्याच्यावर विसंबून राहिले, दहा वेळा आलेला माणूस. ऑटो सरळ निघाली होती. एका चौकात नरेश घाईने पुढे वाकला, ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावला. "भैया, इधर से नहीं! दिन में बंद है. हायवे से घुमा के लो."

ऑटोवाल्याने वळवली. पुढे पुन्हा, "इधर भी नहीं, टायर दुकान के बगल से लो." आम्ही वजनकाट्याजवळून गेलो. पार्किंगच्या मैदानाजवळून गेलो. बंदराची लांबच लांब भिंत आली, कोळशाची धूळ आली. समुद्राचा पत्ता नाही. शेवटी ऑटोवाल्याने गाडी कडेला घेतली, मागे वळला, नरेशला नीट निरखलं आणि प्रत्येक शब्दावर आपल्या हँडलवर थाप मारत म्हणाला, "सार. आटो. लॉरी कादु. लॉरी नही है!"

जड वाहनांना दिवसा शहरात बंदी असते. ह्याच्या डोक्यातलं सगळं शहर त्या बंदीच्या बाहेरचं होतं. मला हसू आवरेना. ऑटोवाला हसला, नरेशही लाजून हसला. हसता हसता माझ्या मनात मात्र राग चढत होता. दहा वेळा या शहराला माल आणून दिलेला माणूस आणि त्याला इथला एकही चौक सरळ ओलांडता येत नाही.

किनारा आणि डोंगर

किनाऱ्यावर एक खरीखुरी पाणबुडी वाळूत आणून ठेवली आहे. तिकीट काढून आत जाता येतं. आत इतकं अरुंद की समोरून माणूस आला तर श्वास धरावा. झोपायच्या फळ्या, नळ्या, चाकं, घड्याळं. नरेश एका दारापाशी थबकला आणि मला बोलावलं. "मोर्चा, हिकडं बघ."

एवढासा संडास होता.

"पाण्याखाली," तो म्हणाला. "पाण्याखाली यांनी जागा काढली. आणि त्या गोदामाला मैदान होतं." मागचे लोक पुढे सरका म्हणेपर्यंत आम्ही दोघं त्या संडासासमोर देवासमोर उभं राहावं तसे उभे होतो.

बाहेर येऊन वाळूत बसलो. आम्ही दोघंही भरती-ओहोटीत वाढलेले. समुद्र आत गेला की वाळूवर उतरायचं, शिंपल्या वेचायच्या, पाय मोकळे करायचे, हे अंगात मुरलेलं. म्हणून आम्ही बसून ओहोटीची वाट पाहिली. बराच वेळ पाहिली. लाटा मोठ्या, अंगावर धावून येणाऱ्या, पण पाणी होतं तिथेच. शेवटी शेजारच्या मुरीवाल्याला मी विचारलं, पाणी मागे कधी जातं? त्याने समुद्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "पीछे किधर जाएगा?" तो म्हणाला.

रेवदंड्याला समुद्र रोज घर सोडून जातो आणि रोज परत येतो. इथला जागचा फारसा हलत नाही. मुरी म्हणजे कुरमुरे, त्यात टोमॅटो, कांदा, शेंगदाणे, लिंबू. आम्ही तेच खात त्या न हलणाऱ्या समुद्राकडे बघत बसलो. कुणी हटकलं नाही. पुढे घ्या म्हणालं नाही. नरेशने बूट काढले. वर्षभरात घराबाहेर त्याला बूट काढून बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. ड्रायव्हर झोपतानासुद्धा बूट हाताशी ठेवतो.

दुपारनंतर कैलासगिरीला गेलो. रोपवेच्या पाळण्यात बसून डोंगरावर जायचं, वर शंकर-पार्वतीच्या पांढऱ्याशुभ्र प्रचंड मूर्ती. पाळणा हलला तसा नरेशने माझा दंड धरला. घाटात उताराला ब्रेक तापलेली गाडी आणणारा हा माणूस! "स्टेअरिंग माझ्या हातात न्हाय ना," तो दात आवळून म्हणाला.

वरून सगळा किनारा दिसतो. वाकलेला, एका बाजूला हिरवा डोंगर, दुसऱ्या बाजूला फेस. लोक फोटो काढत होते. आम्हीही काढले, एका ताईंनी आम्हा दोघांचा काढून दिला आणि "जवळ उभे राहा" असं हातवाऱ्यांनी दटावलंसुद्धा. नरेश मात्र लांब पाण्याकडे बघत होता. बंदराबाहेर खोल समुद्रात जहाजं उभी होती, विखुरलेली, न हलणारी.

"ती का थांबलीयत?" मी विचारलं.

"आत जागा झाली की बोलावतील," तो म्हणाला. आणि मग हसत, "त्यांचा पन नंबर लागला न्हाय."

निळं फाटक

दुसऱ्या दिवशी सकाळी बोंबलांचं गाठोडं घेऊन बसने निघालो. या वाटेवर मात्र नरेश पक्का होता. पुलानंतर उतरायचं, पेट्रोलपंप, मग डाव्या हाताला फाटक. तो पुढे चालत होता, भराभर. आणि थांबला.

फाटक होतं. निळंच होतं. समोर काही नव्हतं. रस्ता रुंद केला होता, बाजूने नवं गटार खणलं होतं. बदामाचं झाड नाही, हातगाडी नाही, पत्र्याचं घर नाही. गटाराच्या काठावर एक बुंधा तेवढा राहिला होता.

नरेश त्या बुंध्यापाशी गेला. गाठोडं खाली ठेवलं नाही, तसंच काखेत धरून उभा राहिला. नाव नाही, पत्ता नाही, फोटो नाही. एवढ्या मोठ्या शहरात अम्मा म्हणून कुणाला हाक मारणार?

मग माझी नजर भिंतीवर गेली. पाटी होती. रंग उडालेली, तीच. आणि फाटकाशी खुर्ची टाकून खाकी कपड्यातला एक मध्यमवयीन पहारेकरी बसला होता, गळ्यात शिट्टी.

माझं डोकं फिरलं. मी रस्ता ओलांडला आणि सुरू झाले. हिंदीत, सभेतल्या आवाजात. हा बोर्ड कोणी लावला? माणूस मरायला टेकला तरी संडास उघडत नाही, ही कसली माणसं? ड्रायव्हर नसेल तर तुमचा माल काय उडत येणार आहे? माझा नवरा इथे, या इथे, पडला होता! मला हे सगळं तोंडपाठ आहे. किती वेळ बोलले ठाऊक नाही. नरेश मागून "ए मोर्चा, पुरे," म्हणत होता. मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा पहारेकऱ्याने खुर्चीखालची पाण्याची बाटली उचलून पुढे केली.

"बोल लिया, मॅडम? पानी पीजिए. धूप है."

मी घेतली नाही.

"ये बोर्ड मेरे लिए भी है," तो म्हणाला. "ऑफिस का बाथरूम स्टाफ का है. मैं ठेकेदार का आदमी हूँ. मैं भी सामने अम्मा के घर जाता था."

मग त्याने माझ्यामागे उभ्या नरेशकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं आणि उठून उभा राहिला.

"कागज का रोल. होली का टाइम. आप वही हैं ना?"

नरेशने मान डोलावली.

"मना मैंने ही किया था," तो म्हणाला. आवाज खाली गेला होता. "फिर आप गिर गए. मैं गेट छोड़ता तो नौकरी जाती. तो मैं सीटी बजाता रहा." त्याने गळ्यातली शिट्टी उचलून दाखवली. "बजाता रहा, बजाता रहा, जब तक अम्मा ने सुना नहीं. उधर से दौड़ के आई. मेरे को बहुत गाली दिया."

ही गोष्ट नरेशला ठाऊक नव्हती. तो बेशुद्ध होता. वर्षभर आमच्या घरात या माणसाचा विषय निघाला की मी दात खात होते. पत्रकात त्याला काय म्हणायचं तेही मी ठरवून ठेवलं होतं. आणि नरेश जिवंत होता तो त्याच्या शिट्टीमुळे. रागाचं काय करायचं ते मला कळेना. मी बाटली घेतली आणि पाणी प्यायले.

त्याचं नाव सुदाम, गाव ओडिशातलं. रस्ता रुंद झाला तेव्हा अम्माची गाडी उठवली, ती मुलीकडे डोंगरावर राहायला गेली, हे त्यानेच सांगितलं. कुठल्या बसने जायचं, कुठे उतरायचं, पाण्याच्या टाकीच्या वर पायऱ्यांनी चढायचं. "लॉरी अप्पलम्मा बोलना. कोई भी दिखा देगा."

दोन वर्षांनी नाव मिळालं. नरेशने ते तिथल्या तिथे दोनदा म्हणून पाहिलं. मग रस्त्याच्या कडेला बसून गाठोडं सोडलं आणि ओंजळभर बोंबील कागदात काढून सुदामला दिले. त्याने कागद नाकाशी नेला. तोंडभर हसला.

"सुखुआ!" त्याच्या गावी सुक्या मासळीला असं म्हणतात. तेवढ्यात फाटकाशी ट्रक आला आणि तो शिट्टी वाजवत उठला, बोंबील पाठीमागे लपवत.

लॉरी अप्पलम्मा

डोंगरावरच्या पायऱ्या चढताना आपल्याकडची डोंगरातली देवळं आठवतात, फरक एवढाच की इथे दर वळणावर कुणाचं तरी घर लागतं. गुलाबी, पोपटी, निळी भिंत. उंबऱ्यापुढे तांदळाच्या पिठाची रांगोळी. दारात भांडी घासणाऱ्या बाईला ओलांडून, कुणाच्या वाळत घातलेल्या कपड्यांखालून वाकून जावं लागतं आणि कुणी रागावत नाही. "लॉरी अप्पलम्मा?" म्हटलं की बोट वर. पुढे आणखी वर.

नरेश पुटपुटत होता. काय म्हणून विचारलं तर म्हणाला, "हिंदीत सांगायचं हाय ना सगळं. दोन वर्षं जमवलंय." त्याने खरंच भाषण जमवलं होतं. अम्मा, तुम्ही नसता तर मी नसतो. माझी आई तुम्हाला नमस्कार सांगते. वगैरे.

ती ओट्यावर बसून शेंगा निवडत होती. बुटकी, रुंद, कपाळावर मोठं कुंकू, नाकात दोन्ही बाजूंनी चमक्या. नरेश जाऊन सरळ तिच्या पाया पडला. ती दचकली. शेंगा सांडल्या. आतून तिची मुलगी लक्ष्मी बाहेर आली, तिला हिंदी येत होतं. नरेशने सुरुवात केली, "अम्मा, मैं लॉरी..."

"लॉरी ड्रायवरा?" अम्मा म्हणाली.

त्याने मान डोलावली. पुढचं वाक्य तोंडात तयार होतं. पण तिने हात लांब करून घराच्या मागच्या बाजूला बोट केलं.

"बाथरूम अक्कड."

लक्ष्मी हसायला लागली. "बाथरूम उधर है, बोल रही है. सबको पहले यही बोलती है. जाइए. नहीं जाएँगे तो बात नहीं सुनेगी."

नरेशने माझ्याकडे पाहिलं. तो गेला. मागचं दार लागलं. आत पाणी पडल्याचा आवाज आला, आणि थांबून पुन्हा आला. परतायला त्याला वेळ लागला. आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं, डोळे लाल. भाषणातलं एक वाक्य शिल्लक नव्हतं.

मग लक्ष्मीच्या मदतीने मीच सगळं सांगितलं. होळी, ताप, पेज, दोन दिवस. अम्मा लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी तिने नरेशची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, या बाजूने, त्या बाजूने. आणि लक्ष्मीला काहीतरी म्हणाली.

"पूछ रही है, आप वो रोनेवाले हैं क्या?"

"न्हाय," नरेश म्हणाला. "मैं नहीं रोया."

"तो फिर हाथ टूटा था?"

"नहीं. पेट."

"पेट तो सबका," लक्ष्मीने अनुवाद केला. अम्माने हात उडवले. तिला तो आठवत नव्हता. अगदीच आठवत नव्हता, आणि तिने तसं भासवलंही नाही.

नरेशचं तोंड उतरलं. मला वाईट वाटलं. ज्याने नाही म्हटलं, त्या सुदामला याचा चेहरा दोन वर्षं आठवत होता. जिने उचलून घरात नेलं, ती विसरून गेली होती. मग नरेश एकदम हसला, पोट धरून. "बघ," मला म्हणाला, "मी समजत होतो माझ्यासाठीच केलं. हिनं तर रांगच लावलीया!"

मी लक्ष्मीकरवी विचारलं, सगळ्यांना का करता? हा प्रश्न मी आयुष्यात शेकडो लोकांना विचारला आहे आणि लांबलचक उत्तरं ऐकली आहेत. अम्माने शेंग मोडता मोडता उत्तर दिलं. लक्ष्मी म्हणाली, "बोल रही है, गाड़ी से उतरे आदमी को पहले और क्या चाहिए होता है?"

गाठोडं सोडलं तेव्हा अम्माने एक बोंबील उचलला, वाकवला, कडकन मोडला, वास घेतला आणि पायऱ्यांवरच्या शेजारणीला हाक मारली. शेजारीण आली, तिनेही वास घेतला. मग अम्मा आत गेली आणि एका डब्यातून तिचे स्वतःचे सुके मासे घेऊन आली, त्यात आमच्या बोंबलाचा सख्खा भाऊ होता. ती विजयाने आमच्याकडे बघत राहिली. लॉजचा मॅनेजर बरोबर होता. तरी तिने आमचे सगळे ठेवून घेतले आणि रिकाम्या फडक्यात तिचे भरून दिले. माझ्या आईसाठी. आईच्या दुकानात आता आंध्रातली मासळी आहे, आणि ती ती कुणालाच विकत नाही.

"तिन्नावा बाबू?" अम्माने विचारलं. जेवलास का, एवढं तेलुगू नरेशला त्या दोन दिवसांपासून येत होतं. आम्ही जेवलो. भात आपल्याकडेही खातात, पण इथे तो संपूच देत नाहीत. माशाचं कालवण चिंचेचं, आंबट आणि डोळ्यांत पाणी आणणारं तिखट. भाकरी नाही, त्याची खंतही नाही. नरेश भिंतीला टेकून बसला होता, दाराकडे पाठ करून. मी ते पाहिलं. त्याला सांगितलं नाही.

खाली समुद्र दिसत होता. निघताना नरेशने पुन्हा पाया पडायचा प्रयत्न केला तर अम्माने त्याला खांद्याला धरून उभं केलं आणि हातावर केळं ठेवलं. मागच्या वेळेसारखंच. तो म्हणाला, "बघ, हात इसरला न्हाय तिचा."

परत आल्यावर

मी शांत होऊन परत आले, असं समजू नका. अम्माची गाडी उठवली गेली आहे. त्या फाटकासमोर आज जो ड्रायव्हर थांबला असेल, त्याला बोट करून दाखवायला समोर कुणी नाही. सुदाम शिट्टी वाजवेल, पण ऐकणार कोण? एका बाईने स्वतःच्या घरातलं एक दार उघडं ठेवलं होतं. त्यावर एवढी सगळी गोदामं, एवढ्या कचेऱ्या, एवढी बंदरं निभावून नेत होती. मी तिची ऋणी आहे. मी त्या शिट्टीचीही ऋणी आहे. म्हणूनच हे लिहिते आहे, नुसते आभार मानून गप्प बसायला नाही.

आता तुम्ही. तुम्ही ज्या इमारतीत राहता, ज्या दुकानात बसता, ज्या कारखान्यात कामाला जाता, तिथल्या फाटकावर अशी पाटी आहे का, ते आज बघा. असेल तर ती काढायला लावा. सोसायटीच्या सभेत उभे राहा, मालकाला विचारा, वाईटपणा घ्या. पाटी नसेल तरी नियम असतो, न लिहिलेला. तो मोडा. आणि उद्या तुमच्या दाराशी विटांचा ट्रक येईल, पाण्याचा टँकर येईल, गॅसची गाडी येईल, तेव्हा उशीर का झाला हे विचारण्याआधी हात लांब करा, बोट दाखवा आणि त्या माणसाला सांगा: बाथरूम तिकडे आहे.